गिरणीवाल्याचं लग्न झालंय का?

"आजोबा, तांदळाची पिठी दळून मिळेल का?"

गौतमीनं दारातूनच विचारलं. बाहेर भाद्रपदातला बारीक पाऊस भुरभुरत होता. ओढणी भिजून अंगाला चिकटली होती आणि हातातला डबा आता चांगलाच जड वाटायला लागला होता. गौरी-गणपती तोंडावर आलेले, आणि सूसमधली तिची नेहमीची गिरणी नेमकी त्याच आठवड्यात बंद पडली होती. नांदे, लवळे करत, जो सांगेल त्या रस्त्यानं स्कूटर हाकत ती पिरंगुटच्या बाजारामागच्या या गिरणीपर्यंत येऊन पोचली होती.

आत पट्ट्याची घरघर चालू होती. पाठमोरा उभा असलेला माणूस वळला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

"मिळंल की," तो म्हणाला. "पर ही नात कुठली म्हणायची आपली?"

गौतमी दचकली. हा आवाज काही म्हाताऱ्याचा नव्हता. त्यानं चक्की बंद केली, दाराबाहेरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि तोंडावर पाण्याचे सपकारे मारले. पीठ ओघळून गेलं आणि खालून जो चेहरा निघाला तो पाहून ती तशीच उभी राहिली. तिशीचासुद्धा नव्हता तो. सावळा, तरतरीत... आणि हसू दाबताना त्याच्या गालाला पडणारी ती खळी तर—

"सॉरी," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं..."

"वाटू द्या. सांजच्याला आईबी वळखत न्हाई मला." त्यानं डब्यातले तांदूळ मुठीत घेऊन हुंगले. "आंबेमोहर. मोदकाला ना?"

"हो. पण आधी गहू दळला असेल तर नको. पिठीला वास लागतो."

"तांदळाला येगळी चक्की हाय. उपासाला तिसरी. बसा त्या पोत्यावर, पाऊस बी जाईल तवर."

पाऊस गेला, पिठी दळून झाली, तरी गौतमी आणखी थोडा वेळ बसली. तिला उगाचच वाटलं, की पिठी जरा निवू द्यावी.

त्याचं नाव जयसिंग. गाव माले, पौडच्या पुढे. वडील गेल्यावर त्यानं ही गिरणी हातात घेतली होती. आणि गौतमी कंपनीतली नोकरी सोडून आईच्या मदतीनं घरीच भाजणी, पिठी, थालीपिठाचं पीठ करून सूस-बाणेरच्या सोसायट्यांमध्ये विकत होती. तिच्या धंद्याचं सगळं यश दळणावर होतं. भाजणी कितीही नीट भाजा, गिरणीवाल्यानं मसाल्यावर दळली की गेली वाया. त्यामुळे दर आठवड्याला पिरंगुटची फेरी ठरून गेली.

निदान आईला तिनं कारण तरी तेच सांगितलं.

"आज लवकर आला तुमी," जयसिंग म्हणायचा.

"रस्ता मोकळा होता."

"पौड रोड मोकळा व्हता? लिहून ठिवा कुठंतरी."

ती हसू लपवत पोत्यावर बसायची. तो मधूनच चक्कीतून पडणारं पीठ चिमटीत धरून तिच्या तळहातावर ठेवायचा, बारीक झालंय का बघायला. पीठ कोमट असायचं. ती ते बोटांनी चोळत राहायची, आणि तो ती काय सांगते याची वाट बघत राहायचा... आणि ती काय सांगायचं तेच विसरून जायची.

दसऱ्याच्या आधी एकदा ती चकलीची भाजणी घेऊन गेली. चक्क्या बंद होत्या. जयसिंग उंबऱ्यावर बसून एका बाईची नाचणी चाळत होता.

"दिवाळीचं सगळं एकदमच आणा," तो मान वर न करता म्हणाला. "दिवाळीनंतर मी न्हाई हितं."

"म्हणजे? कुठे जाताय?"

"हितंच, कंपनीत. ह्या जागेवर फरशीचं दुकान येतंय. मालक म्हणला, तुज्याकडं येतंय कोण आता? खरंच हाय ते. समदी पिशवीतलं पीठ आणत्यात. दिवसाकाठी चार डबं. लाइटीचं बिलबी भागत न्हाई."

दळण आता कुठून आणायचं हा विचार खरं तर आधी यायला हवा होता. तो आलाही, पण मागाहून. आधी आलं ते हे, की या उंबऱ्यावर उद्या हा माणूस नसणार.

घरी परतताना तिला सूसची बंद पडलेली गिरणी दिसली. ती बंद झाली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी रडके चेहरे टाकले होते. चालू होती तोवर तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. गौतमीनंही नाही. स्वतःच्या पिठांचे फोटो ती रोज टाकायची, आणि ज्याच्या जिवावर ती पिठं होत होती त्याचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती परत पिरंगुटला गेली.

"व्हिडिओ काढू का?"

"कशाचा?"

"गिरणीचा."

"काढा की. गिरणी काय न्हाई म्हणतीय?"

तिनं तिन्ही चक्क्या दाखवल्या, पट्टा दाखवला, पिठाची धार दाखवली. शेवटी जयसिंग नळावर तोंड धुवायला गेला. पांढरा म्हातारा पाण्याखाली वाकला आणि सावळा तरुण वर आला. पापण्यांवर थेंब तसेच, आणि फोनकडे बघत तो म्हणाला, "झालं का?"

तेवढा तुकडा कापायचा राहूनच गेला. म्हणजे उजेड चांगला पडला होता, म्हणून तिनं तो ठेवला. 'माझी सगळी पिठं इथे दळली जातात. ही गिरणी बंद होऊ देऊ नका,' असं खाली लिहून, पत्ता देऊन ती झोपली.

सकाळी आईनं तिला हलवून उठवलं. "अगं, तुझा फोन बघ. सारखा थरथरतोय."

गौतमीनं स्क्रीन पाहिली आणि ताडकन उठून बसली. तिच्या पानावर एरवी ओळखीची माणसं चार अंगठे देऊन जायची. आज आकडा लाखाच्या पुढे गेला होता आणि डोळ्यांदेखत पळत होता. पण खरा धक्का खाली होता.

'पत्ता नको, पत्रिका पाठवा.'

'आमच्याकडे घरघंटी आहे, पण आजपासून ती बिघडली असं समजा.'

'गिरणीवाल्याचं लग्न झालंय का?' याला तर हजारोंनी दाद दिली होती. गिरणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गौतमीची कानशिलं तापली. या बायकांना काही लाजलज्जा? आणि मग तिच्याच लक्षात आलं, की आपल्याला राग येतोय. कशाचा येतोय? हे कळायच्या आत पुढची ओळ समोर आली.

'गिरणीवाला राहू द्या. व्हिडिओ काढणारीचा हात बघा. तो तोंड धुतो तिथेच हललाय. ही बाई पार कामातून गेलेली आहे.'

तिनं फोन उशीखाली दाबला. जरा वेळानं काढून ती ओळ पुन्हा वाचली. परक्या माणसानं, कुठल्या गावच्या कोण जाणे, तिला तिचीच गोष्ट सांगावी, आणि तीही चारचौघांत?

तीन-चार दिवस ती तोंड लपवून घरात बसली. शेवटी भाजणीच्या मागण्या अंगावर आल्या तेव्हा निघावंच लागलं. गिरणीच्या बोळाशी ती पोचली आणि स्कूटरवरच थिजली. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. नटूनथटून आलेल्या पोरी फोन उंचावून उभ्या होत्या. एकीनं गालांना पीठ फासलं होतं. दोघीजणी चक्कीला टेकून फोटो काढत होत्या. धान्याचा डबा मात्र एकीच्याही हातात नव्हता. जयसिंग मध्ये उभा होता, तोंड धुतलेला, अवघडलेला, देवळातल्या मूर्तीसारखा गप्प.

गर्दी पांगायला दुपार झाली. गौतमी आत आली तेव्हा तो खाली सांडलेली नाचणी वेचत होता. तीही समोर बसून वेचू लागली.

"तुमी भलं करायला गेला," तो हळू आवाजात म्हणाला, "हे म्हाईत हाय मला. पर लिलाबाई आली व्हती मगाशी. वरच्या वस्तीवरनं, पायी. मला म्हणली, आज हितं लगीन हाय का रं? तिचं पोतं लाथाडलं कुणीतरी फोटू काढताना. निम्मी नाचणी सांडली. उरलेली उचलली आन् न दळताच माघारी गेली. बाप व्हता तवापासनं येतीया ती."

गौतमीच्या हातातले दाणे गळून पडले. आपण बंद पडणारी गिरणी वाचवायला निघालो आणि जी बाई इथे खरोखर येत होती तिलाच हुसकावून लावलं?

"मी तो व्हिडिओ आत्ता काढून टाकते."

"ऱ्हाऊ द्या. आता पुसून काय? गाव समदं बघून बसलंय." त्यानं नाचणीतला एक खडा बाजूला टाकला. "म्या बी बघितला. खालचं बी वाचलं."

तिनं चटकन वर पाहिलं. "सगळं?"

"समदं कुठं वाचतोय... एकच दोनदा वाचलं."

कोणतं, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. तो नाचणीत डोकं घालून बसला होता, पण त्याचे कान लाल झालेले तिला स्पष्ट दिसत होते.

"दुसरा करूया," ती म्हणाली. "या वेळी तुम्ही सांगाल तसा."

"मग माझं थोबाड नको त्यात."

"बरं."

"आन् लिलाबाईला इचारून तिची नाचणी दावा. ती हो म्हणली तर."

बाजारच्या दिवशी लिलाबाई आली. गौतमीनं स्वतःचा डबा मागे सरकवून तिचं पोतं पुढे घेतलं, आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. लिलाबाईनं तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तू लावली व्हय ती जत्रा? आता मानसं आन जरा. दळान घेऊन येणारी."

दुसऱ्या व्हिडिओत नुसते हात होते. लिलाबाईचे नाचणी ओतणारे, जयसिंगचे पीठ चाचपणारे. खाली गौतमीनं मनातलं लिहिलं. ज्या दुकानावाचून आपलं अडतं त्याचं नाव ते चालू आहे तोवर घ्या, बंद झाल्यावर हळहळून काय उपयोग? तुमचा शिंपी, तुमचा चांभार, तुमचा गॅरेजवाला कोण आहे ते सांगा. आणि इथे येणार असाल तर धान्य घेऊन या. दळण आधी, फोटो मागाहून, तेही विचारून.

हा व्हिडिओ पहिल्याच्या पासंगालाही पुरला नाही. लाख सोडाच, काही हजारांवर अडला. पण माणसं येऊ लागली. भूगावची एक बाई ज्वारी घेऊन आली. कंपनीत पाळी संपवून एक बिहारी कामगार सत्तूसाठी भाजलेले चणे घेऊन आला. बाणेरच्या एका सोसायटीनं मिळून पाच पोती गहू टेम्पोतून पाठवला आणि दर महिन्याला पाठवू म्हणून कळवलं. ग्रुपवर लोक आपापल्या शिंप्यांची, चांभारांची नावं टाकू लागले. दिवाळीच्या तोंडावर जागामालक स्वतः डोकावला, डब्यांची रांग पाहिली आणि फरशीवाल्याला दुसरी जागा दाखवतो म्हणून गेला.

"मग? कंपनी?" गौतमीनं विचारलं.

"कंपनीला म्हणलं, सवड न्हाई." तो तिच्या डब्यात पीठ भरत होता. झाकण लावून त्यानं डबा पुढे केला, तिनं धरला, पण त्यानं सोडला नाही. "एक बोलायचं व्हतं तुमच्याशी."

"बोला ना."

"दिवाळी हू द्या," तो म्हणाला आणि डबा सोडला.

दिवाळी झाली. पाडवा झाला, भाऊबीज झाली. गौतमी उरलीसुरली भाजणी घेऊन पिरंगुटला पोचली तर गिरणीला कुलूप. दारावर खडूनं एकच शब्द लिहिलेला. बंद.

फोन लावला, लागला नाही. मालकानं शब्द फिरवला? का हाच गेला कंपनीत, न सांगता? पलीकडच्या सलूनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जयसिंग व्हय? मगाशीच पाव्हणं गेलं त्याच्या घरची वाट इचारत. त्याच्या लग्नाचं."

गौतमीनं स्कूटर वळवली नाही. सूसचा रस्ता मागे राहिला, पौड मागे पडलं. आपण कुठे निघालोय, काय म्हणून निघालोय, तिला काही ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं होती आणि वाऱ्यावर आंबेमोहराचा वास येत होता. माल्यात विचारत विचारत ती घरापाशी पोचली.

अंगणात एका बाजूला भाताचे भारे रचलेले, निम्मा भात झोडून झालेला. दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे. एक फेटेवाले गृहस्थ आणि त्यांची जाडजूड बहीण. जयसिंग समोर बसला होता. अंगावर धुतलेला सदरा, केसांत मात्र भाताच्या काड्या. तिला बघून तो उठायला गेला आणि अर्धवट उठून पुन्हा बसला.

स्वयंपाकघरातून त्याची आई, रत्नाबाई, बाहेर आली. "तू गौतमी न्हवं? पिठवाली? बरी आलीस बाय. भात काढलाय म्हणून गिरणी बंद ठिवली, आन् त्यातच हे न सांगता टपाकलं. एवढा च्या न्हे भायेर. माजे हात भरल्यात."

तिनं चहाचा ट्रे गौतमीच्या हातात दिलासुद्धा.

गौतमी बाहेर आली. कप किणकिणत होते.

"व्हिडिओत बघितला तवाच म्हणलं," बहीण सांगत होती, "पोरगा आपल्या पोरीला शोभतोय. एकच हाय. गिरणी सोडायची. पिठात काय राम न्हाई."

"कंपनीत चिकटवतो की मी," फेटेवाले म्हणाले. "माझा शब्द हाय. काय जयसिंगराव? का आधीच कुठं काय ठरलंय?"

जयसिंगनं तोंड उघडलं. त्याची नजर गौतमीकडे गेली आणि शब्द तिथेच अडले. झोडलेल्या भातावर चिमण्या उतरल्या.

"ठरलंय," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. तो आवाज आपला आहे हे गौतमीला सगळ्यांत शेवटी कळलं.

"कुणाशी?" बहिणीनं विचारलं.

आता मागे फिरायला वाट नव्हती. "माझ्याशी," गौतमी म्हणाली. "आणि गिरणी ते सोडणार नाहीत."

रत्नाबाई दारात पिठाच्या हातांनी उभी होती. ती लेकाकडे बघत राहिली. "काय रं? खरं हाय हे?"

जयसिंग उठला. गौतमीच्या हातातला ट्रे त्यानं काढून घेतला, कारण तो आता पडणारच होता.

"व्हय आई," तो म्हणाला. "ठरलंय. मलाबी आत्ताच कळलं."

पाहुणे भले होते. फेटेवाले क्षणभर गोंधळले, मग पोट धरून हसले, चहा प्यायले आणि पोरीच्या नशिबात दुसरं स्थळ असेल म्हणून उठले. बहीण काही हसली नाही. रत्नाबाई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. जाताना गौतमीकडे बघून एवढंच म्हणाली, "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

अंगणात दोघंच उरली. गौतमी भाताच्या भाऱ्यावर बसली.

"मी काय बोलून बसले हे..."

"मागं घ्यायचंय?" त्यानं विचारलं. विचारताना त्याचा चेहरा असा काही झाला, की तिला पहिल्यांदाच कळलं, तो तिच्याहून जास्त घाबरला होता.

तिनं मान हलवली. नाही.

तो तिच्याशेजारी बसला, मध्ये हातभर अंतर ठेवून. मग ते अंतर त्यानंच कमी केलं. "मी दोन म्हैनं शब्द जुळवत व्हतो, गौतमी. आन् तू उभ्या उभ्या सांगून टाकलंस."

तू. ती त्याच्याकडे बघतच राहिली. आपलं नाव इतकं साधं आहे आणि इतकं गोड आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आईला काय सांगू आता मी?" ती पुटपुटली. "भाजणी दळायला जाते म्हणून निघाले होते."

"खरं त्येच सांग." जयसिंगनं तिचा हात हातात घेतला. "म्हणावं, गिरणी बंद व्हती, म्हणून घरापतूर गेले."